गोड्या पाण्यात धुतलेला गेम

बाबा, तो गेम तुम्ही मारलात. माझ्या हातून तो पडला नाही, मामाने खराबही आणला नव्हता. तुम्ही मारलात. तुम्ही होतात तेव्हा हे तुमच्या तोंडावर म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर कागदावर म्हणते आहे. आई म्हणेल, गेलेल्या माणसाशी कसली भांडतेस? भांडते. भांडण माझं आहे आणि मी ते सोडलेलं नाही.

मामा कुवेतहून सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या बॅगेतून तुम्हाला घड्याळ निघालं, आईला साडी, दादाला बूट, आणि मला तो गेम. तळहातात मावेल एवढा, जांभळा, आरपार दिसणारा. आतली हिरवी पट्टी आणि तिच्यावरचे चांदीचे ठिपके बाहेरून मोजता यायचे. डाव्या अंगठ्याखाली अधिकचं चिन्ह, उजव्याखाली दोन गोल बटणं. पाठीमागच्या खाचेत बिस्किटाएवढी कॅसेट खोचायची, दोन पेन्सिल सेल घालायचे, की एक इवलासा माणूस धावायला लागायचा. खड्ड्यात पडायचा, परत उभा राहायचा. आज बंद केला आणि उद्या लावला, तर सोडला होता तिथूनच पुढे. तुम्ही एकदा बघून म्हणालात, "हां गो, यात पोट भरतं काय?" नाही भरत. पण मी बटण दाबलं की लगेच ऐकणारं आपल्या घरात दुसरं कोण होतं, सांगा ना! दादाला चार हाका मारल्या तरी तो मान वळवायचा नाही, आणि तुम्ही बोटीवरून आलात की जेवायचात, झोपायचात आणि निघायचात. तेरा वर्षांच्या मुलीचं ऐकणारी ती एकच वस्तू होती.

त्याला एक खोड होती. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. घरात काही दिसायचं नाही, ट्यूबखाली सगळं धुरकट. चित्र स्वच्छ दिसायचं ते उन्हात, आणि तेही ज्याच्या हातात गेम त्यालाच. शेजारच्याला नुसती काच चमकताना दिसायची. म्हणून मी आपणहून बंदरावर वाळत घातलेली मासळी राखायला बसू लागले. भर उन्हातलं ते काम कोणालाच नको असायचं. मी डोक्यावर ओढणी घेऊन, मांडीवर काठी ठेवून दुपारभर बसायची. आई शेजारणींना सांगायची, "पोरगी कामाला लागली हो." दीड महिना कावळ्याला एक मासा मिळाला नाही. मग एका रविवारी मी गेममधल्या सहाव्या किल्ल्याच्या दाराशी पोचले, आणि कावळ्यांनी मांदेलीची अर्धी ओळ साफ केली. तुम्ही जेटीवरून चालत आलात. "काय गो, श्राद्ध घातलंस काय?" सगळे खलाशी हसले. तुम्ही माझ्या हातातून गेम काढलात, खिशात टाकलात आणि बोटीवर घेऊन गेलात. अर्धी ओळ गेली, मान्य. पण त्याआधीचा दीड महिना कोणाच्या तोंडी आला नाही, याचा राग मला अजून आहे.

गेम तुमच्या केबिनमध्ये खाऱ्या वाऱ्यात चार महिने राहिला. मे संपता संपता पावसाळ्यासाठी बोट किनाऱ्यावर ओढली. तुमचा नियमच होता, समुद्रावरून आलेलं काहीही गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय घरात आणायचं नाही. दोर, पाने-पकडी, कंदील, चपलासुद्धा. तसा तुम्ही माझा गेम धुतलात. बादलीत बुडवून, जुन्या ब्रशने घासून! सेल तरी काढायचे होतेत, बाबा! तीन दिवस कौलांवर वाळवलात, बटणांना खोबरेल लावलंत आणि खलाशांसमोर माझ्या हातात दिलात. "घे. मिठाचा कण ठेवला नाही." माझी एखादी वस्तू तुम्ही इतकी जपून धरलेली मी कधी पाहिली नव्हती. मी बटण सरकवलं. काही नाही. नवे सेल घातले. काही नाही. तुम्ही वाकून उभे. "चालतो ना?"

"चालतो," मी म्हटलं.

आता ऐका. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी खोटं बोलले असं समजू नका. मी भयंकर चिडले होते. मनात म्हटलं, बसा फसत. मग पावसाळाभर पडवीत बसून मी मेलेला गेम खेळले. बटणं दाबत होते, अंगठे दुखेपर्यंत. तुम्ही बाजूला जाळं दुरुस्त करायचात आणि मान वर न करता विचारायचात, "कुठवर आला गो तुझा माणूस?" मी सांगायची, नदी ओलांडली, सातव्या किल्ल्यात शिरला, तिथे दोन तोंडांचा राक्षस आहे. तुम्ही म्हणायचात, "मागून जा त्याच्या." एकदा बघायला वाकलात तर म्हटलं, धरणाऱ्यालाच दिसतं. तुम्ही लगेच मागे सरलात. आणि गावभर सांगत सुटलात की गल्फचं मशीन मी धुतलं, पोरगी अजून खेळते.

आज मी मिरजोळ्याच्या एका कारखान्यात तसलेच हिरवे बोर्ड तपासते. तुम्ही नक्की काय केलंत ते मी आता कोणालाही बोट ठेवून दाखवू शकते. पोट भरतं त्यात, बाबा. तेव्हा तो गेम तुम्ही मारलात, हे मी मागे घेत नाही.

पण हे पत्र मी जाळणारही नाही आणि आईला वाचूनही दाखवणार नाही. त्या पावसाळ्याआधी तुम्ही माझ्या शेजारी बसून मला कधी काही विचारलं नव्हतं. खरं कळलं असतं तर तुम्ही ओशाळून दुसरीकडे जाऊन बसला असतात. आणि मला तुम्ही तिथेच बसायला हवे होतात.