एकाच भुलीत

मंगळवार, १२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. भाऊजींचा गुडघा आता वळतो हे वाचून बरं वाटलं. जिना टाळायला सांग, ऐकणार नाहीत तरी सांग.

तुझा प्रश्न एकच: पित्ताशय आणि गर्भाशय, माझी दोन्ही ऑपरेशनं एकदम करायची की नाही? सांगते. आधी गेल्या गुरुवारचं ऐक.

माझं काम तुला ठाऊक आहे. सर्जन ऑपरेशनचं टिपण लिहितात, मी ते वाचून बिलासाठी एकेका कामाला कोड लावते. एकाच वेळी दोन ऑपरेशनं झाली तर मोठं पूर्ण धरायचं, लहान निम्मं; कारण भूल एकदाच दिलेली, पोट एकदाच उघडलेलं. आणि आतडी चिकटलेली असली, तर ती सोडवण्याचं वेगळं काही नाही.

त्यावरून आमच्या हॉस्पिटलातल्या सर्जनबाईंचा फोन आला. आवाज तापलेला.

"अख्खी सकाळ मी आतडी सोडवत होते, आणि तुम्ही तिथे भोपळा लिहिलात?"

"नियम आहे, डॉक्टर. आत पोहोचायला जे करावं लागतं ते मुख्य कामातच धरतात."

"कधी बघितलंय का ते पोहोचणं?"

नव्हतं बघितलं. इतकी वर्षं हेच करतेय, तरी नाही.

"मग गुरुवारी या."

पेशंटची परवानगी त्यांनीच काढली. मी गाउन, टोपी, मास्क चढवून कोपऱ्यातल्या स्टुलावर उभी राहिले. मला सांगितलीत तीच दोन ऑपरेशनं होती. भूलतज्ज्ञ म्हणाले, "चक्कर आली तर भिंतीकडे पडा हं बाई, इकडे जागा नाही."

चक्कर नाही आली. ताई, कसं सांगू? दिव्याखाली आतलं सगळं ओलं, चकचकीत, आणि जिवंत. आतडी हलत होती. संथ, आपल्याच नादात; वर कोण वाकलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. जुन्या ऑपरेशनमुळे ती एकमेकींना आणि पोटाच्या भिंतीला धरून बसली होती. सर्जनबाई एक पापुद्रा उचलायच्या, उजेडात ताणून आरपार बघायच्या, मग कात्रीचं टोक. मग पुढचा. फोनवर भांडणारी ती हीच का, असं वाटलं. माझ्याकडे येतं तेव्हा याची एक ओळ असते: 'चिकटलेला भाग मोकळा केला.' ती वाचून मी चहा ढवळत पुढे गेलेय.

पित्ताशय निघाल्यावर त्या बाजूला झाल्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञ त्यांच्या जागी आल्या. "वाट मोकळी आहे," एवढंच बाई म्हणाल्या. पोट तसंच उघडं, आणि पेशंटची छाती शांतपणे वरखाली. एवढा विश्वास टाकून कुणी झोपू शकतं! मी दोन्ही हात छातीशी घट्ट धरलेत, हे सिस्टर म्हणाल्या तेव्हा कळलं.

बाहेर आल्यावर सर्जनबाई म्हणाल्या, "मग? आता काय लावणार?"

"भोपळाच, डॉक्टर."

त्या खळखळून हसल्या. मग मी, विचारायचं नाही असं ठरवूनही, विचारलं, "आधी सिझेरियन झालेलं असलं, म्हणजे माझ्यासारखं, तर आत असंच असेल?"

त्यांनी मास्क काढला. "असेलही. उघडल्यावरच कळेल. पण लागेल तेवढा वेळ मी देईन."

ऑफिसात कामं फार आहेत, सुट्टी मिळत नाही, हे तुला कळवत होते ना? सुट्टी मी मागितलीच नव्हती. टिपणाच्या शेवटी बहुतेकदा 'पेशंटची प्रकृती स्थिर' असं असतं. ज्यांत ते नसतं, ती टिपणंही मीच वाचते, ताई. घरात कुणाशी बोलू?

आज होकार कळवला. दोन्ही एकदम, येत्या सोमवारी, त्याच दोघी डॉक्टर करणार. भीती गेलेली नाही. पण ते हात मी पाहिलेत.

हे येतील, पण यांचा चेहरा माझ्याआधी पांढरा पडेल. तू रविवारीच ये. आत नेईपर्यंत जवळ राहा, आणि मी डोळे उघडेन तेव्हा समोर दुसरं कुणी नको.

तुझ्या भरवशावर झोपणारी,
धाकटी