मामा ट्रॅकवर

४ जानेवारी
फॉर्म्युला रेसिंग सोडली. म्हणजे टीमने माझी सीट दुसऱ्याला दिली, पण मनाने मी आधीच बाहेर पडलो होतो. मालक फोनवर म्हणाले, आम्हाला आता तरुण रक्त हवंय. मी म्हटलं, माझं रक्त परवाच तपासलंय, उत्तम आहे. त्यावर त्यांनी हेल्मेट न्यायला कधी येताय, एवढंच विचारलं.
मुळात त्या गाड्या हल्ली फार अरुंद बनवतात. गेल्या मोसमात दोघांनी खांदे दाबून मला आत बसवलं होतं. दोष डिझाइनचा.

५ जानेवारी, सकाळी
संकल्प. रोज धावणे. साखर बंद. कुणावर चिडायचं नाही.

५ जानेवारी, दुपारी
धावायचे बूट सापडले नाहीत. बायकोवर चिडलो. फ्रीजमधला केक संपवून टाकला. उद्यापासून समोर मोहच नको.

२० फेब्रुवारी
टूरिंग कार रेसिंगमध्ये सही केली. गाडीला छप्पर, दारं, सगळं असतं. सभ्य माणसांचा खेळ.
टीमचा दुसरा ड्रायव्हर म्हणजे माझा भाचा, ताईचा मुलगा. लहानपणी त्याला रेसिंगच्या छोट्या कार्टमध्ये मीच बसवलं, ब्रेक कुठला तेही मीच दाखवलं. ताई म्हणाली, सांभाळून घे रे त्याला. मी म्हटलं, निश्चिंत राहा, त्याला लाज वाटेल इतका मी पुढे जाणार नाही.
बायको आतल्या खोलीत उगाचच हसली. ती शाळेची बस चालवते. तिला यातलं काय कळणार!

१७ मार्च
पहिला सराव. भाचा माझ्यापेक्षा जोरात. त्याची गाडी हलकी असणार. रीतसर तक्रार केली. हेड मेकॅनिकने (याला सगळे पाना म्हणतात) दोन्ही गाड्या वजनकाट्यावर चढवल्या. सारख्याच भरल्या. आता तुम्ही दोघं चढता का, म्हणाला. मी विषय वाढवला नाही.
भाचा रेडिओवर मला 'मामा' म्हणतो आणि रेडिओ अख्खी टीम ऐकते. संध्याकाळपर्यंत कॅन्टीनवालाही विचारायला लागला, मामा, कॉफी देऊ का?

६ एप्रिल
रेस. स्टार्ट अफलातून घेतला. पुढच्या सगळ्यांना मागे टाकलं. मग कळवण्यात आलं, की दिवे बदलायच्या आधीच मी निघालो होतो. पेनल्टी. शेवटचा नंबर.
पुढे एका वळणावर सारखा निळा झेंडा हलवत होते. निळा झेंडा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट द्या. तो मला दाखवत असतील असं वाटायचं कारणच नव्हतं. वळलो, आणि नेमका तिथे भाचा. तो पहिल्या नंबरावर होता म्हणे. दोघेही ट्रॅकबाहेरच्या खडीत.
ताईचा फोन आला. ओरडली नाही. त्याला जास्त लागलं असतं तर, एवढंच विचारलं. मी तिला टायरचं तापमान समजावून सांगायला लागलो. तिने फोन ठेवला.

७ एप्रिल
भाच्याचं मनगट सुजलंय. बघायला गेलो. त्यानेच दार उघडलं आणि म्हणाला, या मामा, तुम्हाला कुठे लागलं नाही ना?
हे त्याने विचारायला नको होतं.
सॉरी म्हणणारच होतो. पण हाताला बँडेज, हात मिळवणार कसा? राहून गेलं.

२ जून
टूरिंगवाल्यांनी मला मोकळं केलं. बरंच झालं. एन्ड्युरन्स रेसिंग हेच माझं खरं क्षेत्र. लांबलचक रेस, एकच गाडी, दोन ड्रायव्हर आळीपाळीने. इथे डोकं लागतं. नव्या टीमने जोडीदार म्हणून भाच्यालाच घेतलंय, टूरिंग सांभाळून तो इथेही चालवणार. त्याला माझं मार्गदर्शन हवं असणार. बायको म्हणते, आधी त्याला घेतलं, मग त्याने तुझ्यासाठी शब्द टाकला. लोक काहीही उठवतात.

१४ जुलै
भाच्याने गाडी दुसऱ्या नंबरावर आणून माझ्या ताब्यात दिली. मी तो नंबर टिकवला. खरंच टिकवला! पेट्रोल भरायला पिटमध्ये आलो, अगदी रेषेवर थांबलो. माणसं धावत आली आणि थबकली. कुणी नळीच लावेना. मी आतून काच बडवली, ओरडलो. एकजण वाकून नम्रपणे म्हणाला, साहेब, तुमची टीम पलीकडे.
सगळ्यांचे कपडे लाल! याबद्दल काहीतरी नियम हवा.
नंबर गेला. भाचा हसून हसून जमिनीवर बसला. रागावला असता तर परवडलं असतं. त्या हशातच मी सॉरी म्हणून घेतलं. कशाबद्दल, पेट्रोलबद्दल? त्याने विचारलं. एप्रिलबद्दल म्हणायचं होतं. हो म्हटलं. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटतं, त्याला कळलं.

९ सप्टेंबर
ट्रक रेसिंग. भारदस्त प्रकार. एवढ्या उंचावरून सगळं स्पष्ट दिसतं. टायरांची भिंतही स्पष्ट दिसली, ब्रेक तापल्यामुळे नंतर फार जवळून दिसली. भिंत मऊ होती.
आयोजकबाईंनी ऑफिसात बोलावलं. तुमचा अनुभव वाया जायला नको, म्हणाल्या. आणि आमचे ट्रकही.

३ ऑक्टोबर
मोठी जबाबदारी मिळाली आहे. सेफ्टी कार! ट्रॅकवर अपघात झाला, की मी सगळ्या गाड्यांच्या पुढे राहायचं आणि त्यांना शिस्तीत फिरवून आणायचं. मला ओलांडून कुणीही पुढे जायचं नाही, असा कडक नियम आहे. हा नियम आधीपासून असता तर माझं करिअर कुठल्या कुठे गेलं असतं.

१९ ऑक्टोबर
भाचा चॅम्पियन झाला. टूरिंगमध्ये. ताईने त्याला मिठी मारली आणि जाता जाता मलाही. एप्रिलनंतर पहिल्यांदा.
त्या रेसच्या मधेच एकाची गाडी खडीत रुतली आणि मला बोलावणं आलं. गेलो. पाठीमागे अख्खी रांग, रांगेत पहिला भाचा. समोर मोकळा ट्रॅक, स्टँडमधले लोक उभे. बायकोही उभी होती, मी पाहिलं. अंगावर काटा आला. जीव तोडून चालवली. प्रत्येक वळण घासून घेतलं. आयुष्यातली सर्वोत्तम फेरी, यात शंका नाही.
तेवढ्यात रेडिओवर आयोजकबाई. मागून सगळ्यांची तक्रार आहे, म्हणाल्या, गाड्यांचे टायर गार पडतायत, जरा जोरात चालवा.
मी म्हटलं, बाई, जोरातच चालवतोय.