हांकाच्या वाट्याचा घास

मी, रिबेका सॅम्युएल रोहेकर, लग्नानंतरची मिसेस वाइस, वय सत्त्याहत्तर, राहणार पिस्कॅटवे, न्यू जर्सी, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. आधी वकिलाकडे केलेलं इंग्रजी मृत्युपत्र रद्द समजावं, कारण त्यात हेनेकच्या जेवणाबद्दल एक ओळही नव्हती.

१. घर माझ्या मुलीला, अंतराला. अट एकच. तिचे डॅडी, म्हणजे माझा नवरा हेनेक, आहे तोवर घर विकायचं नाही आणि त्याला नर्सिंग होममध्ये टाकायचं नाही. अंतरा, तिकडे दूर बेलव्ह्यू शहरातला जॉब सोडून तू इथे ये, किंवा चांगली बाई ठेव. बँकेतलं सगळं त्यासाठीच आहे.

२. हेनेकची चुलतबहीण डोरा हिला काही नाही. लग्नाच्या दिवशी तिने मला विचारलं, "तू कन्व्हर्ट कधी झालीस?" आमच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्यावर कधी फुटलं हे आमच्यातही कोणाला नक्की सांगता येत नाही, इतकं ते जुनं. तेव्हापासून आम्ही शनिवार पाळतो आणि मराठीत भांडतो.

पण डोरासमोर माझी मान खाली जायची ती वेगळ्या कारणाने. ज्या साली वॉर्साच्या भिंतीआड तिची माणसं उपाशी मरत होती, त्या साली माझी आई रोह्याला मलिदा कालवत होती आणि शेजारणी नारळ आणून देत होत्या. आम्हाला ज्यू म्हणून कोणी साधा खडासुद्धा मारला नाही. हे डोराला कोणत्या तोंडाने सांगणार?

३. मिक्सर आणि खोवणी शेजारच्या शुभाला द्यायची होती. पण ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नका असं वकील म्हणतो. शुभा, आत्ताच उचल आणि घेऊन जा.

४. हेनेक नऊ वर्षांचा असताना घेट्टोत होता. जर्मनांनी शहराच्या एका भागात सगळे ज्यू कोंडले आणि भोवती भिंत घातली, एवढंच मला माहीत होतं. तो बोलायचा नाही, मी विचारायची नाही. त्याची एक खोड मात्र होती. वाटीत शेवटचा घास ठेवायचा.

आमच्याकडे ताटात टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान.

"एवढंसं कशाला ठेवतोस? संपव."

"पुरे, रिबेका." माझ्याकडून उचललेला त्याचा पहिला मराठी शब्द.

"पुरे काय पुरे! चाटूनपुसून खा."

तो खायचा. रोज. अख्खा संसार असा केला मी.

मागच्या हिवाळ्यात अंतरा आली होती. हेनेक आता बरंच विसरतो, पण जुनं वर येतं. त्याच्यापाशी बसून ती किचनमध्ये आली.

"आई, डॅडींना एक बहीण होती. हांका. पाच वर्षांची."

"मला कधी बोलला नाही."

"दोघांत एक वाटी सूप. डॅडी आधी खायचे, तळाचा बटाटा तिला ठेवायचे. एक दिवस तोही खाऊन टाकला. तिने काही विचारलं नाही म्हणे. त्याच थंडीत ती गेली." मग म्हणाली, "आणि तू त्यांना रोज संपवायला लावलंस, यार."

आईला यार म्हणाली, ते सोडून दिलं. बाकीचं वाक्य डोक्यातून जात नाही. तेव्हापासून फोनवर ती फक्त त्याच्या औषधांबद्दल बोलते.

५. म्हणून, माझ्यामागे हेनेकला जो कोणी भरवेल त्याने शेवटचा घास वाटीत राहू द्यावा. तो वाटी डावीकडे सरकवतो. तो टेबलावरून उठेपर्यंत ती उचलू नये. त्याला भरवायला येणारी एजन्सीची मुलगी रिकामी वाटी बघून "गुड जॉब!" म्हणते आणि टाळ्या वाजवते. टाळ्या नकोत.

आणि अंतरा, तू माझ्या नातवाला, नीलला, "फिनिश युअर प्लेट" म्हणतेस ना, ते अगदी माझ्या आवाजात. जरा ऐक.

६. माझ्यासाठी भाषणं नकोत. मलिदा करा. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. आमच्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नाबीचं, नाव घ्या आणि वाटा.

कलम ५ मध्ये दुरुस्ती. सही करायला बसले तेव्हा हेनेक जेवत होता. नारळाच्या दुधातली बटाट्याची आमटी. त्याने वाटी डावीकडे सरकवली. डावीकडे आज मी होते, हे कागद पसरून. त्याने चमचा माझ्या हातात दिला.

"हांका," म्हणाला.

शुभाबरोबर साक्षीला आलेला उल्हास म्हणाला, "मावशी, तुम्हालाच देतायत."

"मला नाही रे."

"मग कोणाला? खा ना, वाट बघतायत ते."

शुभाने नवऱ्याला गप्प केलं. हेनेक खरंच वाट बघत होता.

तेव्हा असं करावं: तो घास ज्याच्यापुढे सरकवेल, त्याने खावा. नाही म्हणू नये. आज मी खाल्ला. माझा नव्हता, अंतरा, मला माहीत आहे. तळाशी बटाटा होता. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"पुरे?" त्याने विचारलं.

मी पुरे म्हटलं.

सही: रिबेका सॅम्युएल रोहेकर-वाइस

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
उल्हास ठोसर
शुभा ठोसर (मिक्सर सहीच्या आधीच घरी नेला आहे)

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
१९ ऑक्टोबर २०२५