आमच्या जनरेटरच्या उजेडाला आपले प्रशस्तिपत्रक

प्रति,
मा. शाखा अभियंता साहेब
(नाव लिहिलेले नाही, कारण आपल्या दारावरच्या पाटीवरचे नाव पुसले गेले आहे),
वीज शाखा कार्यालय, ता. कर्जत, जि. रायगड.

अर्जदार : युनूस अब्बास नजे, टेंपोचालक, मु. आवळपेठ, पो. कळंब.

विषय : एकाच पाकिटातून आलेल्या आपल्या दोन पत्रांपैकी कोणते पाळायचे, हे कळवणेबाबत.

संदर्भ : १) आपले अभिनंदनाचे पत्र, दि. १५ जुलै २०२५.
२) आपली नोटीस, दि. १५ जुलै २०२५. (सही दोन्हीवर एकच.)

महोदय,

आपण आमचा उजेड चोरला आहे. आकडा टाकून नाही, कागदावर चोरला आहे. आवळपेठच्या चौदा घरांत गेल्या पावसाळ्यापासून जो उजेड पडतो, त्यातला निम्मा माझ्या पडवीमागच्या डिझेल जनरेटरचा आहे. तो आपण आपल्या नावावर लावून घेतलात आणि वर आम्हालाच 'तक्रारमुक्त गाव' म्हणून प्रशस्तिपत्रक देताय. मी आठवीपर्यंत शिकलो. पुढचे मराठी टेंपोत बसून, मालाला गुंडाळलेले पेपर वाचून शिकलो. तरी चोरी या शब्दाचा अर्थ मला बरोबर ठाऊक आहे.

१) जनरेटर का घेतला ते आधी सांगतो. माझी मुलगी झिनत हिने अंडी उबवण्याचे मशीन आणले. त्यात एका वेळी दोनशे चाळीस अंडी बसतात. एकवीस दिवस ऊब एकसारखी पाहिजे. पहिल्या खेपेला सोळाव्या दिवशी आपली लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी आली. माझी बायको रजिया हिने मशीनवर घरातल्या सगळ्या गोधड्या घातल्या, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. एक पिल्लू निघाले नाही. झिनतने चार दिवस रिकामे मशीन पुसण्यात घालवले. पाचव्या दिवशी बोलली ते एवढेच : "अब्बा, जनरेटर."

२) जनरेटर निवडताना आमच्याकडून चूक झाली, ती लपवत नाही. कर्जतला दुकानात जायचे म्हणून टेंपो काढला, तर पोरगी बघायला निघावी तशी अख्खी आळी मागे चढून बसली. दुकानदार हर्षद याने विचारले, "लोड किती?" मी यादी करून नेली होती : उबवणीचे मशीन, फ्रिज, अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, तीन पंखे, सहा दिवे. मोटर सुरू होताना तिप्पट ओढते, तेही धरले होते. हिशेब तीन केव्हीएच्या आत बसत होता. तेवढ्यात शेजारच्या सोनुबाई बोलल्या, "माजा पंखा धरलास का रं?" मी म्हटले, हा माझ्या घराचा आहे. त्या म्हणाल्या, "मग मी टेंपोत कशाला बसले?" गजा म्हणाला, "आमचा टीवी पन लिव, मॅचच्या वक्ताला लाईट नक्की जातं." जनाबाईंनी मिक्सर सांगितला, कोंडाजीबाबांनी पंप. हर्षद लिहीत गेला. तीनला गेलो होतो, साडेसात केव्हीए घेऊन आलो. ही आमची चूक. मी माझी कबूल केली, आता आपण आपली करा.

३) बसवला मात्र नियमाने. कमलेश वायरमनने सिमेंटचा ओटा घातला, कोळसा-मीठ भरून अर्थिंगचा खड्डा केला. धुराचे नळकांडे पहिल्या दिवशी सोनुबाईंच्या मागच्या दाराकडे तोंड करून होते. "माज्या भाकरीला तुजा धूर कशाला रं?" म्हणून त्या कलथा घेऊन आल्या. नळकांडे त्याच दिवशी शेताकडे फिरवले. चेंजओव्हर स्विच लावला, म्हणजे एक तर आपली वीज नाही तर माझी, दोन्ही एकत्र कधीच नाही, आणि माझी वीज उलटी जाऊन आपल्या खांबावर चढत नाही. चौदा घरांच्या तारा वेगळ्या ओढल्या, आपल्या खांबाला हात लावला नाही. डिझेलचा कॅन पाळीने एकेक घर आणते. पाळी चुकली की सोनुबाई दारात जाऊन उभ्या राहतात. आपल्या कार्यालयाकडे एवढी कडक वसुली नाही.

४) आता मूळ मुद्दा. लाईट गेली की माणसाने आपल्याला फोन करायचा असतो. आमच्याकडे कोणी करत नाही. सगळे मला हाक मारतात : "युनूस, लाईट गेलं रं!" जणू मीच बोर्ड. जनरेटर लावायला पाच मिनिटे उशीर झाला तर मला सुनावतात, "झोपलास काय, हापिसात?" मी सगळ्यांच्या तक्रारी वहीत लिहू लागलो. तारीख, वेळ, तक्रारदाराचे नाव, किती वेळाने उजेड आला. एक वर्षात दोनशे चौदा झाल्या. आपल्या रजिस्टरात आवळपेठपुढे काय लिहिले आहे ते मी स्वतः पाहिले : तक्रारी निरंक. साहेब, तक्रारी निरंक नाहीत, त्या माझ्याकडे आहेत. पाहिजे तर वही न्या. खुर्चीही देतो, माझी प्लास्टिकची आहे.

५) आपण म्हणाल, आमचा लाईनमन खात्री करतो. करतो ना. दत्ता राहतो आमच्याच आळीत, चौदा घरांतले अकरावे घर त्याचे. त्याचा सरकारी मोबाईल चार्ज होतो माझ्या जनरेटरवर. आपण त्या मोबाईलवर विचारता, "आवळपेठला सप्लाय आहे का?" तो डोक्यावरच्या पंख्याकडे बघतो आणि सांगतो, "फुल हाय साहेब." माणूस खोटे बोलत नाही, पंखा फिरतच असतो. उलट खांबावर चढण्याआधी तोच खालून ओरडतो, "युनूसभाई, जनरेटर बंद करा, तुमचा स्विच चांगला हाय पन 'बंद करून चढलास का' म्हून माजी बायको मला इचारते!" मग मी जनरेटर बंद करून त्याच्या खाली उभा राहतो. एवढी काळजी आपल्या कार्यालयाने त्याची कधी घेतली आहे काय?

६) या शून्य तक्रारींच्या जोरावर आपण काय केलेत? वीकेंडच्या बंगल्यांचे एसी ज्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर चढले आहेत, त्याच्या जागी नवा येणार होता. तो प्रस्ताव आपण रद्द केलात. कारण अभिनंदनाच्या पत्रातच छापले आहे : "पुरवठा समाधानकारक असल्याने गरज उरलेली नाही." आणि त्याच पाकिटात नोटीस, की जनरेटरवरून शेजाऱ्यांना तारा दिल्या हे अनधिकृत, २० जुलैपर्यंत जनरेटर बंद करा. म्हणजे एका हाताने हार घालता आणि दुसऱ्या हाताने ज्याच्यामुळे हार मिळाला त्याचा गळा धरता. मी दोन्ही कागद रजियाला वाचून दाखवले. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले. मग म्हणाली, "हसले ते हसले, पण अंड्यांचं काय?"

७) इथे संपले असते तरी चालले असते. काल आपल्या कार्यालयातून फोन आला. प्रशस्तिपत्रक वाटपाचा समारंभ २२ जुलैला सकाळी अकरा वाजता आवळपेठच्या शाळेत आहे. माईक, पंखे आणि आपल्या भाषणाची चित्रफीत दाखवायचा पडदा लागणार आहे. फोनवरचे गृहस्थ अगदी गोड आवाजात म्हणाले, "ऐन वेळी लाईटचा भरवसा नको, तुमचा जनरेटर आहे ना, तो शाळेत आणून लावा." मी म्हटले, तो तर २० तारखेला बंद करायचा आहे. ते म्हणाले, "ते दुसरं टेबल."

८) साहेब, आता हसणे बाजूला ठेवून लिहितो. या वेळची दोनशे चाळीस अंडी १ जुलैला मशीनमध्ये ठेवली. ती एकट्या झिनतची नाहीत. आमच्याकडे कोंबडीखाली अंडी बसवताना कोळशाने खूण करतात, तशी प्रत्येक घराची खूण आहे. सोनुबाईंची फुली, जनाबाईंचे दोन ठिपके, दत्ताच्या घरचा खांब. काल झिनतने अंधारात टॉर्च धरून एकेक अंडे पाहिले. आत हालचाल आहे. एकवीस दिवस भरतात २२ जुलैला. आपली मुदत संपते २० ला. मधले दोन दिवस कोणाच्या भरवशावर? पिल्लांना तारीख पुढे ढकलता येत नाही, आणि त्यांचे दुसरे टेबलही नसते.

तरी मागणी एवढीच. जनरेटर २० ला बंद करायचा की २२ ला आपल्या माईकसाठी शाळेत न्यायचा, की झिनतच्या मशीनजवळ ठेवायचा, हे एका ओळीत लेखी कळवावे. शेजाऱ्यांच्या तारा काढायच्या असतील तर काढतो, पण आधी नवा ट्रान्सफॉर्मर खांबावर दिसू दे. आणि रजिस्टरातले 'निरंक' खोडून तिथे दोनशे चौदा लिहावे. खोडायला रबर नसेल तर मी आणतो.

आपल्या उजेडाचा खरा पुरवठादार,
युनूस अब्बास नजे
आवळपेठ, दि. १८ जुलै २०२५

सोबत :
१) दोन्ही पत्रांच्या झेरॉक्स, एकाच पानावर समोरासमोर.
२) तक्रारवहीची प्रत, क्र. १ ते २१४.
३) एक अंडे नमुन्यादाखल जोडणार होतो. झिनतने दिले नाही.

ता. क. : सही करता करता लाईट गेली. तक्रार क्र. २१५, तक्रारदार सोनुबाई, वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. हाक नेहमीप्रमाणे मला. आज १८ तारीख आहे म्हणून जनरेटर लावला, तीन मिनिटांत उजेड आला. २१ तारखेला गेली तर सोनुबाईंनी हाक कोणाला मारायची? त्या माणसाचे नाव लिहून पाठवा. पुसले जाणार नाही अशा शाईने.