मागच्या सीटवरचं होमकुंड

बाबा, तुमची होती तशीच एक गाडी गेल्या उन्हाळ्यात माझ्या डोळ्यांसमोर जळाली. तोच आकार, तोच फिकट रंग, काच खाली करायला तेच हाताने फिरवायचं हँडल. गाडी माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीची. आम्ही दोघी अमरावतीहून चिखलदऱ्याला निघालो होतो. परतवाडा मागे पडला होता, घाट अजून लागायचा होता आणि गाडीत पेट्रोलचा वास येत होता. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "अगं, जुनी गाडी आहे. येतो थोडा वास." हे वाक्य आपल्या घरात मी खूपदा ऐकलेलं. मी तिला गाडी थांबवायलाच लावली. ती चिडली, पण थांबली. आम्ही उतरून जरा लांब जातो न जातो तोच बॉनेटच्या फटीतून धूर निघाला, मग जाळ, आणि बघता बघता पुढच्या सीटा पेटल्या. मैत्रीण रस्त्याच्या कडेला बसून रडायला लागली. मी नुसती उभी. त्या गाडीत कापूर नव्हता, काडेपेटी नव्हती, होमकुंडही नव्हतं.

तुम्ही गाडी घेतलीत तेव्हा आईला वाटलं होतं, आता काळजी मिटली. तोवर स्कूटरच्या हँडलला समिधांची पिशवी अडकवून तुम्ही अकोल्याहून आकोट, तेल्हारा, कुठे कुठे वास्तुशांतीला आणि सत्यनारायणाला जात होतात. एका डॉक्टरांची वापरलेली गाडी तुम्हाला मिळाली आणि पहिल्याच दिवशी तुम्ही आम्हाला राजेश्वराच्या देवळापर्यंत फिरवून आणलंत. तुम्ही गाडी हळू चालवता, वळणावर उगाच हॉर्न वाजवता, आणि मी मागे बसून खिडकीचं हँडल गोल गोल फिरवते आहे. वास तेव्हापासूनच होता. एकदा जेवताना तुम्ही हसत सांगितलंत की आज यजमान म्हणाला, "गुरुजी, तुमच्या उपरण्याले पेट्रोलचा वास येऊन राह्यला, होमापासून जरा दूरच बसा." आई हसली नाही. तिने तुम्हाला दुसऱ्याच दिवशी गॅरेजात पाठवलं. मिस्त्रीने एक क्लिप आवळली आणि सांगितलं, "जुनी गाडी हाये गुरुजी, थोडा वास येतेच." तुम्ही ते तसंच्या तसं घरी येऊन सांगितलंत, आणि मग आपल्या सगळ्यांना त्या वासाची सवय झाली. धुतलेल्या धोतरालासुद्धा तो यायचा.

त्या दिवशी तुम्ही तेल्हाऱ्याला वास्तुशांतीला गेला होतात. मी शाळेत गेले नव्हते, तापाने फणफणले होते. परत येताना दुपारच्या उन्हात तुमची गाडी रस्त्यावर पेटली. शेजारच्या कपाशीत फवारणी करणारी माणसं पाण्याचे डबे घेऊन धावली, पण दार काही उघडलं नाही. हे आम्हाला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. काळा सांगाडा, आणि मागच्या सीटच्या तारांवर तुमचं तांब्याचं होमकुंड, चेपलेलं पण ओळखू येणारं. तो फोटो पाहिल्यावर कोणी आणखी काही शोधलंच नाही. पोलिसांनी लिहिलं, होमातल्या निखाऱ्यांमुळे आग. गाडी भंगारात गेली. तुमच्या तेराव्याला लोक जेवायला बसले होते आणि मी वाढत होते. माझ्या पाठीमागे कोणीतरी हळूच म्हणालं, "इतक्या वर्षांचे गुरुजी, अन् इस्तो न इझवता गाडीत ठेवला. काहून केलं असन असं?" मी पुढच्या पानावर भात वाढला. तुमच्या मरणाचं दुःख होतंच, पण लोकांच्या तोंडी तुम्ही निष्काळजी ठरलात, आणि हळूहळू मीही ते खरं धरून चालले. आई या विषयावर कधी बोललीच नाही. तिने देवापुढे कापूर लावणं बंद केलं, आरती नुसत्या निरांजनावर आली. मी कारण विचारलं नाही.

मैत्रिणीची गाडी जळाल्यावर मी तिच्याबरोबर अमरावतीतल्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. तिथल्या माणसाने गाडीचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला. मग म्हणाला, "मॅडम, ह्या मॉडेलचा रिकॉल निघाला होता. पेट्रोलचा रबरी पाइप जुना झाला की चिरतो, अन् पेट्रोल गरम इंजिनावर पडते. कंपनी फुकट बदलून देऊन राहिली होती."

मैत्रीण म्हणाली, "मग मला कोणी कळवलं का नाही?"

"तुमची सेकंड हँड आहे नं. पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलं असेल."

मी त्याला तुमच्या गाडीचं साल सांगितलं. तो म्हणाला, हो, त्याही गाड्या त्यात होत्या. रिकॉल कधी निघाला ते विचारलं. तुमच्यानंतर, बाबा. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी. गाड्या जळाल्याच्या तक्रारी येत गेल्या, आणि पुरेशा झाल्या तेव्हा त्यांनी पाइप बदलायला घेतले. तुमची गाडी त्या तक्रारींमध्ये नव्हती. कशी असणार? तुमच्या कागदावर निखारे लिहिले होते. तुम्ही जळालात आणि ते कुठे धरलंसुद्धा गेलं नाही. मी बाहेर येऊन पायरीवर बसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तुमचा राग आला नाही.

आई आता माझ्याकडे अमरावतीला असते. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात अंबाडीची भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर खाली बसून सगळं सांगितलं. तिचे हात थांबले. देठांकडे बघतच ती म्हणाली, "अंगारा मी मागितला होता."

मला कळलं नाही.

"तुझा ताप उतरत नव्हता. निघताना मी त्यांना म्हटलं, आज होमातला अंगारा घेऊन या, हिच्या कपाळाला लावू. एरवी ते कुंड तिथेच रिकामं करून, घासूनच आणत. त्या दिवशी राखेसकट आणलं ते माझ्यासाठी." ती रडत नव्हती. "मी कोणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच. तुझ्यासाठी मागितला होता म्हणून."

मी तिचे हात धरले. म्हटलं, "आई, राखेने नाही लागली आग. गाडीच तशी होती."

"खात्रीनं सांगून राहिली?"

"हो."

"शंभर टक्के?"

"शंभर टक्के."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे ते नुसते घरी परत येऊन राहिले होते," ती म्हणाली. मग पुन्हा भाजी निवडायला लागली, आणि थोड्या वेळाने चिडून म्हणाली, "मग मला हे कोणी आधी काहून नाही सांगितलं? हे मनात ठेवून मी म्हातारी झाले ना." मला वाटलं होतं तिचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. ती जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशीपासून तुमच्या फोटोकडे पाठ करून बसते. दोषी होती तेव्हा तिला काहीतरी धरून ठेवायला होतं. आता नुसता एक चिरलेला रबरी पाइप आहे.

तुम्हाला लिहिलेले हे कागद मी कपाटात ठेवीन. पोलिसांच्या नोंदीत अजून निखारेच आहेत. अर्ज केला तर म्हणाले, गाडीच नाही तर तपासायचं काय? आणि त्यांचं तेवढं बरोबर आहे. बाबा, आईला मी शंभर टक्के म्हटलं. मला तेवढी खात्री नाही.