उसवलेली टीप

प्रिय भिंगरी,

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर मी नुसता पुटपुटतो आणि मग तू "आबा, ऐकू येतंय का?" म्हणून ओरडत बसतेस. तुझा बाप म्हणतो, आबांना नसत्या काळज्या करायची खोडच आहे. असेल. पण तू तिकडे सरावाला एकटी, वेळेवर जेवतेस ना? पळायचा तो पात्याचा नकली पाय बांधतेस तिथे कातडी सोलते म्हणालीस, तर आत सुती कापड गुंडाळ, नायलॉन नको. मला कळतं ते कापडातलंच.

दुकान बंद आहे. मशीनचा पट्टा तुटलाय, असं गिऱ्हाइकांना सांगतो. अर्धवट शिवलेले गणवेश खुंटीवर लोंबताहेत आणि मी दुपारभर मशीनसमोर नुसता बसतो. पॅडलवर पाय ठेवत नाही. बसल्या बसल्या जुनंच आठवत राहतं.

ट्रकखाली तुझा पाय गेला आणि तू हॉस्पिटलमधून घरी यायची होतीस, तेव्हा रडत बसण्यापेक्षा मी कामाला लागलो होतो. तुझ्या सगळ्या विजारींचा उजवा पाय गुडघ्याखाली दुमडला आणि आतून टीप मारून बंद केला. लोंबणारं रिकामं कापड पोरीच्या नजरेला पडायला नको, एवढंच मनात होतं. इतकी बारीक टीप मी लग्नाच्या कपड्यांनाही घातली नसेल. घरी आल्यावर तू कपाट उघडलंस, माझी कात्री मागून घेतलीस आणि पलंगावर बसून सगळं उसवलंस. वर मलाच म्हणालीस, "आबा, गिऱ्हाइकाला न विचारता माप कसं घेतलंत? पाय यायचाय अजून." मला तुझा रागच आला. वाटलं, पोरगी भ्रमात आहे.

मग तुझी ती पहिली शर्यत. तू पडलीस आणि मी मान खाली घालून स्वतःच्या चपला बघत राहिलो. वर बघितलं तर बाकीच्या पोरी केव्हाच पोचून पाणी पीत होत्या आणि तू एकटी पळत होतीस. नंतर म्हणालीस, "मागे कुणी नसलं की धक्का लागायची भीती नाही, आबा." मी हसलो नाही. मला हसता आलं नाही.

लोक आता तुझ्या हिमतीचं कौतुक करतात. मला मात्र त्या आधीच्या दुपारी आठवतात. तू भिंतीकडे तोंड करून पडलेली, नकली पाय कोपऱ्यात भिरकावलेला. हाक मारली तरी ओ द्यायची नाहीस. आणि संध्याकाळी, कुणी काही न म्हणता, उठून तो पाय ओढून घ्यायचीस. मधे काय व्हायचं गं? तेव्हा विचारलं नाही. आता विचारतोय, कारण माझी दुपार संपतच नाही.

पट्टा तुटलेला नाही. माझ्या उजव्या टाचेत सुई मोडली. साखरेने पाय बधिर झालेला, जन्म सुयांत जाऊनही मला कळलं नाही. मोजा ओला लागला तेव्हा पाहिलं, तोवर जखम चिघळली होती. डॉक्टरीणबाई म्हणतात, घोट्याच्या वरून काढावा लागेल, नाहीतर विष चढेल. मी नको म्हणून उठून आलो. तुझ्या बापालाही सांगितलेलं नाही. पायाशिवाय मशीन नाही, आणि मशीनशिवाय मी कोण? मरू दे, असंच वाटतं. रोज वाटतं. काल माझा पायजमा मांडीवर घेतला, त्याचा उजवा पाय दुमडला, सुई ओवली. टाका घालवेना. तुझं ते बोलणं कानात आलं आणि सुई परत टाचण्यांच्या उशीत खोचली. पाय यायचाय, असं माझ्या तोंडून निघत नाही, भिंगरी. पण तो पाय शिवलेला नाही, एवढं खरं. तू ये. डॉक्टरीणबाईंना हो म्हणायचंय, ते एकट्याने जमणार नाही. माझ्या शेजारी बस. कात्री लागणार नाही.

तुझाच भित्रा,
आबा