आबांच्या रक्तातलं सोडियम

आई, पाया पडतो.

फोनवर मला नीट बोलता येईना, म्हणून गावाकडं निघालेल्या सम्राटच्या हाती ही चिठ्ठी देतोय.

आबांचा डेंग्यूचा ताप उतरला, प्लेटलेटही वाढल्यात. पण काल ते मला ओळखेनात. "म्हशी सुटल्यात, सोड मला!" म्हणत सलाईनची सुई उपसायला लागले. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं सोडियम फार उतरलंय, त्यानं असा भ्रम होतो. दुखणं वाटलं त्यापेक्षा जड आहे. सोडियम हळूहळूच वाढवावं लागतं. मला एका जागी बसवत नाही.

आपल्या धाकट्या मोनाचा ताप कसा आहे? तिलाही डेंग्यू नको व्हायला, आजच डॉक्टरला दाखवून आण.

आत्ता आबांनी डोळे उघडले. म्हणाले, "यशा, तुझी आय जेवली का न्हाय?" मी बाहेर येऊन रडलो.

आता तरी जेव.

तुझा यशराज